दानाची मुदत : स्तनाचा कर्करोग आणि विश्वस्तनिधी (लेखांक पाचवा)

मागील लेखांकात स्तनाच्या कर्करोगाचे निदान कसे होते याचा विचार झाला. त्यावर वैनगंगेकाठच्या कारधा गावातील काही भगिनींनी विचारले की, ज्या संशोधनावर हे सारे उपचार उभे आहेत त्याचा खर्च कोण सोसतो, आणि धर्मादाय म्हणून दिलेला रुपया संशोधकाच्या हाती पोहोचतो तरी कसा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडते.

लेडी मेहेरबाई टाटा यांचे 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी यांनी पुढच्याच वर्षी, स्वतःच्या मृत्यूपूर्वीच्या अवघ्या काही महिन्यांत, दोन विश्वस्तनिधी स्थापिले. पत्नीच्या नावाचा निधी मुख्यतः रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी होता, आणि त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश जगातील कोणत्याही देशाच्या संशोधकास मिळावेत अशी तरतूद त्यांनी करून ठेवली. शोकाकुल मनुष्याने इतक्या दूरदृष्टीने दानपत्र करावे, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. दुसऱ्या, त्यांच्या स्वतःच्या नावाच्या निधीतून मुंबईत परळ येथे 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. पुढे 1957 मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. म्हणजे पाया धर्मादायाने घातला आणि नित्याचा भार सरकारी तिजोरीने उचलला.

अशा निधीचा कारभार सामान्यतः असा चालतो. मूळ रक्कम अबाधित ठेवून केवळ तिच्या उत्पन्नातून अनुदाने दिली जातात. संशोधकाने अर्जासोबत प्रश्न, पद्धती, मुदत आणि खर्चाचा तपशील सादर करावयाचा असतो. तो अर्ज विश्वस्तांना स्वतः न पारखता त्या विषयातील तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवावा लागतो, आणि माणसांवर प्रयोग व्हावयाचा असेल तर नीतिसमितीची मंजुरीही घ्यावी लागते. रक्कम हप्त्याहप्त्याने मिळते, कामाचा अहवाल आल्याशिवाय पुढील हप्ता सुटत नाही, आणि महाराष्ट्रात नोंदलेल्या न्यासाला आपला तपासलेला जमाखर्च धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी दाखल करावा लागतो.

खरी अडचण रकमेची नसून मुदतीची आहे. पावसाळ्यात कारध्याच्या पुलापाशी वैनगंगेची पातळी मोजतात; एका दिवसाच्या आकड्यावरून नदीचा स्वभाव कळत नाही, वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. या रोगाचेही तसेच आहे. मुंबईच्या गरीब वस्त्यांतील 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांना दोन गटांत विभागून टाटा मेमोरियलने 1998 मध्ये एक चाचणी आरंभिली. तीत एका गटाची तपासणी, यंत्राने नव्हे तर प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या हातांनी, दर दोन वर्षांनी चार वेळा झाली आणि दुसऱ्याला केवळ माहिती देण्यात आली. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणे कितपत न्याय्य, हा आक्षेप अशा चाचण्यांवर घेतला गेला आहे, आणि तो हलका नाही. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले : सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही, मात्र पन्नास व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत ती जवळजवळ 30 टक्के होती. या एका उत्तरास दोन दशकांहून अधिक काळ लागला. वर्षाच्या ताळेबंदावर नजर ठेवणाऱ्या कोणत्याही दात्याने इतका धीर धरला नसता.

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील टाटा मेमोरियलच्याच दुसऱ्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे बधिरीकरणाचे जुने, अल्पमोली औषध टोचण्यात आले. 2011 पासून देशातील 11 केंद्रांत 1600 स्त्रियांवर ती चालली, आणि ज्यांना टोचणी मिळाली त्यांच्यातील पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण 90.1 टक्के, इतरांत 86.4 टक्के आढळले. ज्या औषधाच्या विक्रीतून कोणाचाही मोठा नफा होणार नाही, त्याची परीक्षा औषधकंपनी का करील? या चाचणीचा खर्च अणुऊर्जा खात्याने केला. पण असा प्रश्न विचारण्यास मोकळी असलेली संस्था मुळात एका विश्वस्तनिधीने उभी केली होती.

आपल्या विदर्भातील दाते इमारतीस आणि यंत्रास देणगी देतात, नामफलकही लागतो, आणि त्या देणग्यांचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु कारध्याहून उपचारासाठी नागपुरास गेलेल्या स्त्रीची प्रकृती पाच वर्षांनी कशी आहे, हे घरोघर जाऊन विचारणाऱ्या सेविकेचे वेतन क्वचितच कोणी देऊ करतो, आणि अशा नोंदींवाचून वरील दोन्ही चाचण्यांना उत्तर मिळालेच नसते. अशा नोंदणीचे एक मोठे काम ग्रामीण महाराष्ट्रात, बार्शी येथे, 1987 मध्ये सुरू झाले. त्याची हकीकत पुढील लेखांकात.