बालरुग्णाची अनुपस्थिती : एक विचार

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणे, म्हणजेच 'निर्देशकारित्व', हा रोग्याचा एक गुण होय. परंतु दोन वर्षांच्या बालकाच्या ठिकाणी हा गुण शोधावा कोठे? तो मातापित्यांकडेच पाहावा लागतो. म्हणून ब्रिटनमधील बालआरोग्यसेवेत अलीकडे 'आला नाही' याऐवजी 'आणला गेला नाही' अशी नोंद करण्याचा आग्रह धरला जातो.

इचलकरंजीलगतच्या कबनूर येथे व्यवसाय करताना आम्हांस याचा प्रत्यय आला. वारंवार कास-श्वासाने पीडित एका बालकास आम्ही सात दिवसांनी बोलाविले होते. ते आले नाही. आम्ही 'अनुपस्थित' असे लिहून पान उलटले. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा श्वासाची गती पाहूनच त्यास तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले. बालक बचावले. चौकशीअंती कळले की पित्याची यंत्रमागावरील पाळी बदलली होती आणि माता घरी कांड्या भरीत होती. खाडा झाला की मजुरी बुडते. आमची वेळ मात्र त्यांच्या पाळीचा विचार न करता ठरली होती. दोष त्यांचा नव्हता, आमचा होता.

महाविद्यालयीन कौमारभृत्य बाह्यरुग्ण विभागात आणखी एक अडचण असते. आंतरवासी विद्यार्थी बदलत राहतात. मातेस प्रत्येक वेळी नव्या चेहऱ्यासमोर तोच वृत्तांत सांगावा लागतो. विद्यार्थ्याचेही नुकसान होते. उपशय हे निदानपंचकातील एक अंग आहे. बालक परत आलेच नाही तर उपशय झाला की अनुपशय, हे त्यास कळणार कसे?

उपाय साधे आहेत. पालकांची पाळी विचारूनच वेळ द्यावी. चिठ्ठीवर तारीख व वार दोन्ही लिहावे. पुष्य नक्षत्र सुमारे 27 दिवसांनी येते. सुवर्णप्राशनासाठी 'पुढच्या महिन्यात या' एवढेच सांगितले, तर माता त्याच तारखेस येते आणि दिवस हुकतो. श्वास, अपस्मार, कार्श्य असलेल्या बालकांची स्वतंत्र वही ठेवावी व ते न आल्यास दुसऱ्याच दिवशी दूरध्वनी करावा. उशिरा आलेल्या मातेस रागावू नये. रागावलेली माता पुन्हा येत नाही.

रिकाम्या राहिलेल्या नोंदीमागे एक बालक आहे, हे वैद्यबंधूंनी व भगिनींनी ध्यानी ठेवावे, ही नम्र विनंती.