व्यवहारवाद म्हणजे तडजोड नव्हे

‘आपण व्यवहारवादी असले पाहिजे’ हे वाक्य नांदेड-लातूरकडे संस्थांच्या सभांतून आणि शिक्षकांच्या खोलीतूनही सर्रास ऐकू येते. बहुधा ते एखादे तत्त्व सोडून देताना उच्चारले जाते. वस्तुतः विल्यम जेम्स व जॉन ड्यूई या अमेरिकन विचारवंतांच्या व्यवहारवादाचा आशय निराळा आहे. कल्पना तिच्या परिणामांवरून पारखावी आणि परिणाम विपरीत दिसल्यास ती बदलावी, अशी ती कठोर शिस्त आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे कोलंबिया विद्यापीठात ड्यूई यांचे विद्यार्थी होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

ही कसोटी लातूरच्या उसाला लावून पाहू. शेतकरी ऊस लावतो तो अडाणीपणाने नव्हे. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे आणि कारखान्यासारखे हुकमी गिऱ्हाईक आहे. तूर-सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो. परंतु सरकारी खरेदी मर्यादितच राहते. एकट्या शेतकऱ्यापुरता हा हिशेब चोख आहे. मात्र जिल्ह्याचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास, तर उसाची गरज सुमारे २००० मिलिमीटरची. उरलेले पाणी धरणातून अथवा भूगर्भातून, म्हणजे सर्वांच्या सामायिक साठ्यातून येते. आणि त्याचे मोल उसाच्या हिशेबात कोणी धरीत नाही.

२०१४ व २०१५ असा लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला, मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या घरात होती. म्हणजे माणशी दीड लिटरही नाही. दोष अवर्षणाचा होताच, पण सामायिक साठ्याचा हिशेब न ठेवण्याचाही होता.

मग व्यवहारवादी कोणाला म्हणावे? ‘ऊस चालतो तोवर चालू द्या’ म्हणणाऱ्याला नव्हे. आणि तूर-सोयाबीनच्या खरेदीची हमी न देता ऊसबंदीचे फर्मान काढणाऱ्यालाही नव्हे. जो आधी पर्यायी पिकाला हुकमी गिऱ्हाईक मिळवून देईल, पाणी मोजून देईल आणि दरसाल परिणाम तपासून धोरण बदलील, तोच खरा व्यवहारवादी. आजची सोय पाहणे सोपे आहे. तिचे देणे उद्या कोणाच्या माथी पडणार, हे आजच विचारणे म्हणजे व्यवहार.