झोपी जाणारा यूएसबी पोर्ट

थोडा वेळ हात लावला नाही की माऊस अडखळतो, बाहेरची हार्ड डिस्क मधूनच दिसेनाशी होते. मग लोक केबल बदलतात, पुढे उपकरणही. केबल खरोखर खराब असू शकते. पण आधी विंडोजची वीजबचत तपासावी.

संगणक जोडलेल्या यूएसबी उपकरणाला एरवी निदान दर मिलिसेकंदाला एक खूण पाठवत असतो. यूएसबी २.० च्या नियमानुसार तारेवर ३ मिलिसेकंद शांतता राहिली, की उपकरणाने झोपायला लागायचे. जागेपणी ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेणाऱ्याने झोपेत २.५ च्या आत राहायचे, म्हणजे बचत मोठी आहे. उपकरण रिकामे आहे असे ड्रायव्हरने कळवले, की विंडोज तेवढ्याच पोर्टवर ही शांतता पसरवते. जागे करताना किमान २० मिलिसेकंद संकेत द्यावा लागतो, आणि काही उपकरणे नेमकी इथेच गडबडतात: उठतच नाहीत, किंवा अर्धवट उठतात.

कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ही झोप 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' या नावाने सापडते. काही नव्या लॅपटॉपवर ते दिसत नाही. बॅटरी आणि प्लग यांसाठी वेगळी निवड असते. फक्त प्लगची बंद करावी, असे मला वाटते. बॅटरीवर ही झोप खरोखर मोलाची आहे. तेवढ्याने भागले नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमधील पॉवर मॅनेजमेंटची खूण काढून पाहावी.