लाउंजच्या दारातली रांग

बेंगळुरूच्या विमानतळावर सकाळी साडेसहाच्या सुमारास लाउंजच्या दाराशी उभे राहिले, की आपण विमानतळावर आहोत की एक तारखेला पेन्शनच्या काउंटरसमोर, असा प्रश्न पडतो. अशाच एका रांगेत, जून महिन्यात, माझ्यापुढे एक वृद्ध मराठी दांपत्य होते. काकांचे कार्ड यंत्राने नाकारले. तिमाहीतील एकमेव मोफत प्रवेश त्यांनी एप्रिलमध्येच पुण्याला वापरला होता आणि काकूंच्या नावे कार्डच नव्हते. "अहो, मागच्या खेपेला तर चालले होते की!" असे म्हणत काका बाहेरच्या खुर्चीकडे वळले. माझ्या खिशात मात्र दोन कार्डे होती. कार्ड ज्याच्या नावे, प्रवेश त्यालाच. त्यामुळे त्यातले एक काकूंना देताही येईना.

अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर असा कक्ष उघडला, तेव्हा तो निवडक पाहुण्यांसाठी होता. आपल्याकडे कार्डांनी त्याचे दार सर्वांना उघडले. ग्राहकाच्या खात्यातून बहुधा दोन रुपये वजा होतात. बाकीचा भार बँक अथवा कार्डयोजना सोसते. गर्दी वाढली, खर्च वाढला आणि अटी आल्या. एच.डी.एफ.सी. बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून रेगालिया कार्डाला तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट घातली. आय.सी.आय.सी.आय. बँकेने १५ नोव्हेंबर २०२४ पासून अनेक कार्डांसाठी मागील तिमाहीतील खर्चाची अट ३५,००० वरून ७५,००० रुपयांवर नेली.

याने गर्दी कितपत हटते? समजा, ताशी ६० प्रवासी आत आले आणि प्रत्येक जण दोन तास बसला, तर आत सरासरी १२० माणसे असतात. मर्यादेमुळे ताशी ४५ आले, तर ९०. परंतु तेच ६० जण दीड तासात उठले, तरीही ९०च! प्रवेशांची मर्यादा पहिल्या आकड्याला आवरते, बसण्याच्या वेळेला नाही. बेंगळुरूत तर ही वेळच भारी. मे २००८ मध्ये विमानतळ देवनहळ्ळीला गेला, शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर दूर. हेब्बाळला किती वेळ मोडेल याचा नेम नसल्याने माणसे तासभर आधीच घर सोडतात. रस्ता मोकळा मिळाला, तर तो तास लाउंजमध्ये सरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, जागा वाढली. रस्ता मात्र तोच.

शिवाय मर्यादा कार्डावर असते, माणसावर नव्हे. सतत फिरणाऱ्याचे एक कार्ड संपले, की दुसरे निघते. न वापरलेला प्रवेश पुढील तिमाहीत सहसा जात नाही, म्हणून "फुकट का घालवा" असे म्हणत एरवी न जाणाराही तिमाहीच्या अखेरीस आत डोकावतो. अडतो तो वर्षातून दोनदा प्रवास करणारा. मी आत इडली खात होतो आणि काका-काकू बाहेर बसले होते, यात गर्दीचे नियमन किती आणि न्याय किती, हे मला अजून नीटसे उलगडलेले नाही.

आमच्या शाखेत आता कार्ड हाती देताना आम्ही तीन गोष्टी तोंडी सांगतो : तिमाही कोणत्या महिन्यापासून मोजतात, खर्चाची अट आहे का, आणि सोबतच्या व्यक्तीला स्वतंत्र कार्ड लागते का. सांगायला दोन मिनिटे पुरतात.