खाली आणलेली रिंग

लहान मुलांना बास्केटबॉल शिकवताना पहिली अडचण येते ती मापांची. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही ३.०५ मीटरवरच असते. पुरुषांचा सात नंबरचा चेंडू सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती तो दिला की मूल कमरेपासून, दोन्ही हातांनी तो वर भिरकावते; पुढे ही सवय मोडताना प्रशिक्षकाचा घाम निघतो. मिनी बास्केटबॉलने यावर सरळ तोड काढली. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर आणि चेंडू पाच नंबरचा, पाचशे ग्रॅमपर्यंतचा.

जागेची अडचण त्या मानाने किरकोळ. मुंबईत दाटीवाटीच्या नागपाड्यात हा खेळ रुजला. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर तिथलेच. भिवंडीच्या नारपोलीत, यंत्रमाग आणि गोदामांच्या गर्दीत, २८ बाय १५ मीटरचे कोर्ट आखायला जागा शोधावी लागेल. पण सुरुवातीचे सराव शाळेच्या फरसबंद अंगणातही होतात. रबरी चेंडू घ्यावा, खरबरीत जमिनीवर तो टिकतो. भिंतीवर २.६० मीटर उंचीवर खडूने वर्तुळ काढले की नेमबाजीची सोय झाली.

ड्रिबलिंगसाठी शिवाशिवीसारखा सराव नाही. खडूने चौकोन आखावा, प्रत्येकाच्या हाती चेंडू. ज्याच्यावर राज्य तोही टप्पे मारतच धावतो. चेंडू सुटला तर मात्र कोणालाही बाद करू नये. बाद होणारे मूल बहुधा सर्वांत कच्चे असते, म्हणजे ज्याला सराव सर्वाधिक हवा तेच कडेला बसते. त्याऐवजी डाव्या हाताने पाच टप्पे मारायचे आणि पुन्हा खेळात यायचे. मुलांची नजर चेंडूवर खिळते. ती वर आणण्यासाठी प्रशिक्षकाने मधूनच बोटे दाखवावीत आणि मुलांनी आकडा ओरडून सांगावा. शेजारी माग खडखडत असतील, तर शिट्टीपेक्षा अशी खूण जास्त कामाची. ‘स्टॅच्यू’ म्हणताच दोन्ही पायांवर थांबायचे, की चेंडू घेऊन चालण्याचा नियमभंग आपोआप कमी होतो.

पासिंगला तिघे त्रिकोणात आणि एक मधे. ज्याचा पास अडवला जाईल, त्याच्यावर राज्य. सामना खेळवायचा तर तिघांविरुद्ध तिघे पुरेत. सलग पाच पासना एक गुण ठेवला की उंच, दांडगा मुलगा एकटाच चेंडू पळवत नाही.

नेमबाजी एका पावलावरून सुरू करावी. कोपर रिंगच्या रोखाने, मनगट शेवटी पुढे झुकलेले; अंतर नंतर वाढते. नुसते ‘शाब्बास’ मुलाला फारसे काही शिकवत नाही. ‘या वेळी कोपर सरळ राहिलं’ म्हटले की नेमके काय जमले ते त्याला कळते. चूकही एका वेळी एकच सांगावी. हरलेल्या संघाला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावण्याची जुनी रीत तर सोडूनच द्यावी: निम्मा खेळ धावण्याचा, आणि त्याच धावण्याची शिक्षा केली तर मुले धावायला कंटाळणारच.

बारा-तेराव्या वर्षी मुलींच्या हाती सहा नंबरचा चेंडू येतो, मुलगे पुढे सातकडे वळतात. रिंगही वर जाते. हे दोन्ही बदल एकाच आठवड्यात करू नयेत. आधी चेंडू हातात बसू द्यावा, मग उंची वाढवावी.