मोगलीचा सात-बारा

१९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ सुरू झाले की घरातल्या मुलांना अंघोळीसाठी हाक मारण्यात अर्थ नसे. शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची, शेरखानच्या गुरगुरण्याला नाना पाटेकरांचा आवाज. सारे इतके घरचे, की हा मोगली जपानहून आला आहे हे फार थोड्यांच्या ध्यानी आले असेल. किपलिंगने सिवनीच्या जंगलात वाढवलेला हा पोरगा निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने १९८९ साली जपानी मुलांसाठी ५२ भागांत चितारला होता. तो फिरून आपल्याकडे आला तो हिंदी बोलतच!

एका देशाचे चित्र दुसऱ्या देशात जाते तेव्हा नेमके काय विकले जाते? कर्जाची प्रकरणे तपासण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. रिळे जातात, पण रिळांचे मोल ते काय! खरा व्यवहार होतो तो कागदाचा. कुळाला जमीन कसायला द्यावी तसा हक्क ठरावीक मुदतीसाठी दिला जातो. प्रदेश कोणता, वर्षे किती, भाषा कोणती, थिएटर की टीव्ही, खेळणी आणि दप्तरांवर चित्र छापायचा हक्क त्यात आहे की नाही, हे सारे रकाने वेगवेगळे भरायचे. घेणारा आधी एक ठोक रक्कम मोजतो, तिला म्हणतात ‘मिनिमम गॅरंटी’. मालकाच्या वाट्याची रॉयल्टी त्या रकमेतून वळती होत राहते, आणि ती फिटली की मगच पुढचा पैसा मालकाच्या हाती पडतो. लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये ज्यांची ऊठबस होती त्यांना ‘एम. जी.’ हा शब्द नवा नाही.

जपानमध्ये या धंद्याचा पाया घातला गेला तो एका आतबट्ट्याच्या व्यवहारातून. ओसामु तेझुका हे शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने चित्रकार. १ जानेवारी १९६३ रोजी त्यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका फुजी टेलिव्हिजनवर सुरू झाली. प्रत्येक भाग त्यांनी खर्चापेक्षा कमी दराने दिला. खोट भरून काढायची ती चॉकलेटच्या पुड्यांवरच्या चित्रांतून आणि परदेशी विक्रीतून. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनबीसीच्या वितरण शाखेने ५२ भाग घेतले. भागाला सुमारे १० हजार डॉलर पडले असे सांगतात. तेव्हा डॉलरला ३६० येन मिळत, म्हणजे भागाला ३६ लाख येन झाले. तेझुकांचा जीव भांड्यात पडला असेल. परंतु घरच्या गिऱ्हाइकाला तोट्यात द्यायचे आणि बाहेरच्याकडून वसूल करायचे, ही रीत त्या धंद्याच्या अंगवळणी पडली. अशा हिशेबावर कोणत्याही शाखाधिकाऱ्याने कर्जाची शिफारस केली नसती. तेझुकांची ‘मुशी प्रॉडक्शन’ १९७३ साली दिवाळखोरीत गेली.

कागद कच्चा असला की काय होते, याचे उदाहरण ‘मॅक्रॉस’चे. १९८२ सालची ही अंतराळयुद्धाची जपानी मालिका ३६ भागांची. हार्मनी गोल्ड या अमेरिकन कंपनीने तिचे हक्क तात्सुनोको या स्टुडिओकडून घेतले. अमेरिकेतली स्थानिक केंद्रे सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवत आणि त्यासाठी निदान ६५ भाग हाताशी लागत. मग कार्ल मेसेक या गृहस्थांनी काय करावे? आणखी दोन मालिका आणल्या. कथा वेगळ्या, पात्रे वेगळी, एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तिन्हींचे संवाद नव्याने लिहून त्यांनी तीन पिढ्यांची एक कहाणी रचली आणि १९८५ साली ८५ भागांची ‘रोबोटेक’ उभी केली. तीन विहिणींना एका पंगतीत बसवून सख्ख्या बहिणी म्हणून ओळख करून द्यावी, तसला प्रकार! गंमत अशी की ती मालिका गाजली. अमेरिकेतल्या एका पिढीला जपानी चित्रांचे वेड लागले ते तिच्यामुळेच.

पुढे प्रश्न निघाला, की तात्सुनोकोने जे दिले ते सारे त्यांचे होते का? मालिका चितारली तात्सुनोकोने. पण कल्पना आणि यंत्रमानवांची रूपे स्टुडिओ नुए यांची, आणि पाठीशी बिग वेस्ट ही जाहिरात संस्था. २००२-०३च्या सुमारास टोकियोच्या न्यायालयांनी वाटणी केली: पात्रांची रेखाटने बिग वेस्ट आणि नुए यांची, पहिल्या मालिकेचे चित्रण तात्सुनोकोचे. जमीन एका भावाची, वरची झाडे दुसऱ्याची! आपल्याकडे अशा सात-बाऱ्यावर पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तिकडेही निराळे घडले नाही. ‘मॅक्रॉस’च्या पुढच्या कित्येक मालिका जपानबाहेरच्या प्रेक्षकाला सरळ मार्गाने पाहता येईनात. तोड निघाली ती एप्रिल २०२१ मध्ये. ‘रोबोटेक’ पाहणारी दहा वर्षांची मुले तोवर पंचेचाळिशी ओलांडून गेली होती.

हायाओ मियाझाकी यांनी दुसरा धडा घेतला. त्यांचा ‘नौसिका’ हा १९८४ सालचा चित्रपट पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने निघाला, तो वीस मिनिटांहून अधिक कापून. माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याची ती गंभीर कथा, तिची केली पोरांची मारामारी. नंतर स्टुडिओ घिबलीने कराराचे एकच कलम लोखंडी केले: कात्री चालणार नाही. १९९६ साली डिस्नीशी करार झाला तोही या अटीवर. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ अमेरिकेत प्रदर्शित करायची होती डिस्नीच्याच मिरामॅक्सने, आणि तिचे प्रमुख कात्रीसाठी प्रसिद्ध. घिबलीचे निर्माते तोशिओ सुझुकी यांनी त्यांना जपानी तलवार भेट देऊन ‘काटछाट नको’ असे बजावले. १९९९ साली चित्रपट जसाच्या तसा लागला. पैसा फार मिळाला नाही. पण पुढे २००३ साली मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्कर मिळाले तेव्हा अमेरिकन प्रेक्षकाने पाहिलेला चित्रपट पुरता त्यांचाच होता.

२००० नंतर डीव्हीडीच्या तेजीत अमेरिकन कंपन्यांनी चढाओढीने आगाऊ रकमा मोजल्या, आणि मग त्या वसूल होईनात. जेनिऑनने २००७ साली तिथले वितरण बंद केले, ह्यूस्टनच्या एडीव्हीने २००९ साली गाशा गुंडाळला. प्रेक्षक इंटरनेटवर फुकट पाहत होता. त्यातलीच एक जागा क्रंचीरोल. २००६ साली सुरू झाली तेव्हा तिथे परवानगीविना चढवलेली चित्रे असत. २००९ पासून तिने रीतसर हक्क घेतले आणि २०२१ साली सोनीने ती सुमारे ११७ कोटी डॉलरना विकत घेतली. गुंठेवारी नियमित होऊन तिथे टॉवर उभा राहावा तसे.

आता आकडे डोळे दिपवणारे आहेत. जपानी ॲनिमेशन उद्योगाच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली एकूण बाजारपेठ ३.३ लाख कोटी येनांवर गेली आणि त्यात परदेशचा वाटा देशातल्या बाजाराहून मोठा होता. ही रक्कम जाते कुठे? तिथे चित्रपटामागे ‘निर्मिती समिती’ असते. प्रकाशक, वाहिनी, खेळणीवाले, जाहिरात संस्था असे भागीदार भांडवल घालतात, आणि हक्क त्यांचे. परदेशी विक्रीची खिडकी त्यांतल्याच एकाकडे, तो आपली दलाली कापून उरलेले वाटतो. चित्र काढणारा स्टुडिओ पुष्कळदा या पंगतीत नसतो, त्याला कंत्राटाचे ठरलेले पैसे मिळतात. ॲनिमेशन कलावंतांच्या संघटनेने २०१५ साली पाहणी प्रसिद्ध केली, तीत मधली चित्रे भरणाऱ्या कारागिराची वर्षाची सरासरी कमाई सुमारे ११ लाख येन होती. महिन्याला ९० हजारांच्या आसपास. टोकियोत घरभाडे भरून एवढ्यात काय भागणार? जी रेषा साऱ्या जगात विकली जाते, ती ओढणाऱ्याचे नाव ताबेदार म्हणूनही उताऱ्यावर नाही, हे मला या सगळ्या धंद्यात सर्वांत खुपते.

आपल्याकडची गोष्ट काही वेळा उलटी झाली, प्रेक्षकानेच दार ठोठावले. माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात दाखवावा म्हणून इथल्या तरुणांनी हजारो सह्या गोळा केल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो लागला. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून घडवलेला ‘रामायण’ १९९३च्या सुमाराचा, पण देशभर थिएटरांत झळकायला जानेवारी २०२५ उजाडावे लागले. तोवर साको आणि राम मोहन दोघेही गेले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘डेमन स्लेयर’ आला. मुंबई-पुण्याची मुले पहाटेच्या खेळांनाही गेली. जपानी होते, इंग्रजी होते. हिंदी, तमिळ, तेलुगूही होते. भाषेच्या रकान्यात मराठी मात्र कोणी मागितली नव्हती.