बिडाचं इंजिन आणि त्यावर फिरलेले हात

चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोरच्या रस्त्यावर तिरुवोट्टियूर लागतं. एका अंगाला बंगालचा उपसागर आणि दुसऱ्या अंगाला कारखाने, त्यामुळे हवेत कायम खारटपणा. बुलेटची भारतातली सगळी कहाणी याच पट्ट्यातून सुरू झाली. मद्रास मोटर्सने 1949 पासून इंग्लंडच्या रेडिचमधल्या एनफिल्ड कंपनीच्या गाड्या इथे विकायला सुरुवात केली. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी 350 सीसीच्या आठशे बुलेट मागवल्या. 1955मध्ये एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात जुळणी सुरू झाली. सुरुवातीला सुटे भाग जहाजातून यायचे. 1960च्या दशकाच्या आरंभी ते सगळे इथेच बनू लागले. इंग्लंडमधली मूळ कंपनी 1970मध्ये बंद पडली, आणि 1977 साली याच मद्रासहून बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली.

आज कंपनीचे मोठे कारखाने शहराच्या नैर्ऋत्येला ओरगडम आणि वल्लम वडगल इथे आहेत. तिथून निघणाऱ्या गाड्यांचा हा विषय नाही. हा लेख आहे 2010च्या आसपास बंद झालेल्या जुन्या इंजिनाच्या गाडीचा, जिला सगळे ‘कास्ट आयर्न’ म्हणतात आणि जिच्या शोधात महाराष्ट्रातूनही माणसं चेन्नईपर्यंत जातात. जावंही. ज्या शहरात एकच इंजिन पन्नासहून अधिक वर्षं बनलं, तिथे ते उघडणारे, जुळवणारे आणि नुसत्या आवाजावरून ओळखणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार होतात.

या गाडीची विश्वासार्हता कारखान्यातून निघतानाच ठरलेली नसते, हे आधी मनाशी पक्कं करायला हवं. या इंजिनाला ठरावीक अंतराने माणसाचा हात लागतोच. टॅपेट, पॉइंट, चेन, क्लच यांची वेळोवेळी जुळणी करावी लागते, आणि काही वर्षांनी बोअर-पिस्टनचं कामही निघतं. म्हणून वीस-तीस वर्षांची बुलेट तपासताना तिच्यावर आजवर कोणाकोणाचे हात फिरले आणि ते कसे फिरले, हेच मुळात तपासायचं असतं. किती किलोमीटर चालली हा प्रश्न इथे जवळजवळ निरर्थक आहे. स्पीडोमीटर केव्हाच बदललेला असतो.

पहिली नजर नट-बोल्टांवर टाका. जुन्या बुलेटचे बरेच नट ब्रिटिश मापाचे आहेत. मेट्रिक पाना त्यांवर नीट बसत नाही. घाईतल्या मिस्त्रीने तसाच चालवला की नटाचे कोपरे गोल होतात. इंजिनाच्या कव्हरवरचे स्क्रू छिन्नीने ठोकून सैल केलेले असतील, तर आतलं कामही त्याच हाताने झालेलं आहे असं धरून चाला. डाव्या बाजूचं प्रायमरी चेनचं कव्हर एकाच मधल्या नटावर बसतं. तिथून तेल गळू लागलं की अनाडी माणूस तो नट आणखी आवळतो, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. सील नीट बसवणारा मिस्त्री ते आवळत बसत नाही. नवा रंग आणि चकचकीत क्रोम यांच्यापेक्षा त्या एका नटाच्या कडा मला गाडीबद्दल जास्त सांगतात.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. बिडाचं असतं ते फक्त सिलिंडर. त्याच्यावरचं हेड ॲल्युमिनियमचंच आहे. 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, 346 सीसी आणि जेमतेम 18 अश्वशक्ती. लांब स्ट्रोकमुळे इंजिन सावकाश फिरतं आणि जड फ्लायव्हीलमुळे कमी वेगातही गाडी ओढते. साठ-पासष्टच्या वेगात ती दिवसभर खूश असते. नव्वदच्या वर तासन्‌तास ताणली की क्रँकमधली बिगएंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडची खालची बाजू, झिजू लागते. 2000च्या आसपास ऑस्ट्रियाच्या एव्हीएल संस्थेच्या मदतीने ॲल्युमिनियम सिलिंडरचं इंजिन आलं. ते बरीच वर्षं जुन्या इंजिनाच्या जोडीने विकलं गेलं. म्हणून नुसत्या सालावर विसंबू नका, समोर कोणतं इंजिन आहे ते मिस्त्रीला दाखवूनच घ्या.

विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर सिलिंडरला हात लावून बघा. ते कोमट लागलं तर त्या दिवशी सौदा करू नका, चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड इंजिन जे दाखवतं ते गरम इंजिन झाकतं.

किक मारण्याची पद्धत बघण्यासारखी असते. चावी लावली की पॉइंट मिटलेले असताना ॲम्पिअरचा काटा उणे बाजूला झुकतो. किक हळूच दाबत न्यायची, कॉम्प्रेशन लागलं की डावीकडचा डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन टोकाच्या जरासा पुढे सरकवायचा. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो. मग डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर घ्यायची आणि पूर्ण वजन टाकून एकदाच मारायची. चांगली जुळवलेली बुलेट पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. विकणारा दहा किक मारून घामाघूम झाला तर दोष कार्बोरेटरमध्ये, पॉइंटमध्ये किंवा टायमिंगमध्ये असू शकतो आणि हे तिन्ही थोडक्या पैशांत सुधारतात. पण किक दाबताना कॉम्प्रेशनच लागत नसेल, पाय सरळ खाली जात असेल, तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा बोअर संपलेलं आहे.

सुरू झाल्यावर निळसर धूर आला म्हणून लगेच मागे फिरू नका. या इंजिनाची तेलाची टाकी क्रँककेसच्या ओतकामातच आहे, आणि महिनाभर गाडी उभी राहिली की पंपामधून तेल हळूहळू क्रँकखाली उतरतं. सुरू केल्यावर ते थोडं जळतं, बाकीचं पंप परत टाकीत नेऊन टाकतो आणि दोन-चार मिनिटांत धूर निवळतो. म्हणून तेलाची पट्टीही इंजिन चालवून झाल्यावरच बघायची. गरम झाल्यावरही, थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की निळा लोट निघत राहिला, तर मात्र रिबोअर, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठं करणं, ठरलेलं. मग विचारायचं की आधी किती वेळा रिबोअर झालं आहे. वीस थाऊ, चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असं करत प्रत्येक वेळी सिलिंडरची भिंत पातळ होत जाते. शेवटच्या मापापर्यंत पोचलेल्या सिलिंडरला पुढे एकच उपाय, नवा स्लीव्ह किंवा नवं सिलिंडर, आणि किमतीतून तेवढे पैसे आधीच वजा व्हायला हवेत.

तेल वर पोचतं की नाही हे तपासणं सोपं आहे आणि तरी बहुतेक गिऱ्हाइकं ते करत नाहीत. इंजिनाच्या बाहेरून हेडकडे जाणारी तेलाची बारीक नळी आहे. इंजिन धिम्या गतीवर ठेवून मिस्त्रीने वरचा बोल्ट जरासा सैल केला की तिथून तेल पाझरायला हवं. कोरडं राहिलं तर वरचे रॉकर उपाशी आहेत, आणि पंपाची अवस्था अशी असेल तर खालच्या बिगएंडबद्दलही शंका घ्यावी.

आवाजाचं मात्र शब्दांत फारसं सांगता येत नाही, तो कानाने शिकावा लागतो. टॅपेटची बारीक टिकटिक निरुपद्रवी असते. उजवीकडे सिलिंडरच्या पायाशी छोटं झाकण आहे. थंड इंजिनात, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर असताना ते उघडून पुशरॉड बोटांनी फिरवून बघा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. थंड असताना पिस्टनची थापट ऐकू आली आणि गरम झाल्यावर विरली तर ती चालण्यासारखी. भीती एकाच आवाजाची बाळगायची, चढावर किंवा भार पडल्यावर खालून येणाऱ्या जड ठोक्याची. तो बिगएंडचा असतो. त्यासाठी सगळं इंजिन उघडून क्रँक काढावा लागतो आणि गाडीच्या खर्चात तेवढं मोठं दुसरं काम नाही. म्हणून पाच मिनिटांच्या फेरीवर समाधान मानू नका. चेन्नई सपाट आहे, चढ नाही मिळाला तर फ्लायओव्हर शोधा, मागे एक माणूस बसवा आणि वरच्या गिअरमध्येच चढवून बघा.

जुन्या गाड्यांना गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि पुढचे तीन खाली. सवय नसेल तर ट्रायल आधी मोकळ्या रस्त्यावर घ्या. न्यूट्रल फाइंडरची छोटी दांडी टाचेने दाबली की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरमधून थेट न्यूट्रल मिळायला हवं. गिअरमधून गाडी निसटत असेल तर कधी नुसती जुळणी लागते, कधी दात झिजलेले असतात.

आता चेन्नईचं स्वतःचं दुखणं, गंज. खारी हवा गाडीला वरून खात नाही, खालून खाते. मडगार्डच्या आतून बोट फिरवा, रिमवर स्पोकच्या मुळाशी बघा, पेट्रोलच्या टाकीत बॅटरीचा उजेड टाका. या टाक्यांवरच्या सोनेरी रेषा तिरुवोट्टियूरला हाताने, कुंचल्याने ओढल्या जात, आणि नुसत्या त्या रेषांसाठी मूळ टाकी जपणारी माणसं आहेत. त्यांचं मला पटतं. पण टाकीच्या आत गंजाचे पापुद्रे असतील तर ते कार्बोरेटरपर्यंत येणारच.

पुराचंही असंच. डिसेंबर 2015मध्ये अड्यार नदीने अर्धं शहर बुडवलं आणि डिसेंबर 2023मध्ये मिचौंग वादळाने पुन्हा रस्ते पाण्याखाली नेले. बुडालेली बुलेट धुऊन, तेल बदलून सुरू होते, म्हणूनच ती ओळखायला वेळ लागतो. हेडलाइटचा घुमट आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे टायगर लॅम्प उघडून आत चिखलाची रेघ दिसते का बघा. ब्रेकचे ड्रम, टूलबॉक्स आणि वायरिंगचे जोडही पाहा. हेडलाइट लावून इंजिनाची गती थोडी वाढवली तरी ॲम्पिअरचा काटा उणेतच राहिला, तर चार्जिंग अपुरं आहे.

एग्मोरजवळ, कूवम नदीच्या काठी पुदुपेट आहे, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार. माउंट रोडजवळचा जनरल पॅटर्स रोडही भागांसाठी ओळखला जातो. या दोन ठिकाणांमुळे चेन्नईत बुलेट जिवंत ठेवणं सोपं जातं. त्याच कारणाने एका गाडीत तीन गाड्यांचे भाग सापडणंही स्वाभाविक आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. नंबरभोवतीचा धातू घासून गुळगुळीत केलेला, आकडे तिरपे किंवा वेगवेगळ्या खोलीचे ठोकलेले दिसले तर किंमत कितीही कमी असो, तिथेच थांबा. आरसीवर इंधनाच्या रकान्यात डिझेल लिहिलेलं आणि समोर पेट्रोलचं इंजिन, असाही प्रकार भेटतो. एनफिल्डने 1990च्या दशकात टॉरस नावाची डिझेल बुलेट विकली होती, आणि पुढे अशा अनेक गाड्यांत पेट्रोलचं इंजिन बसवलं गेलं. हा बदल कागदावर चढलेला नसेल तर गाडी महाराष्ट्रात आणल्यावर आरटीओत अडकते.

कागदांचं बाकीचं काम कंटाळवाणं पण अटळ आहे. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालेली हवी. दुसऱ्या राज्यात न्यायची तर मूळ आरटीओची एनओसी लागते, मालकी बदलायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, आणि महाराष्ट्रात आल्यावर रोड टॅक्स भरून एमएच नंबर. एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी 2021पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. तिची फी 20,000 रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. जी माणसं बुलेट चालवण्यासाठी घेतात त्यांना ती उपयोगाची नाही.

आणि गाडी घेतल्यावर लगेच 48 नंबरच्या महामार्गाला लागू नका, जरी तो चेन्नईहून निघून बेंगळुरू, हुबळी, कोल्हापूर करत थेट पुण्याला येतो आणि मोह पडतो. रेल्वेने पाठवायची तर पेट्रोल पूर्ण काढून, पोत्यात बांधून पार्सलला द्या. चालवतच आणायची असेल तर आधी नवं 20डब्ल्यू50 तेल भरून शहरातच तीन-चारशे किलोमीटर फिरवा, मग ते तेल स्वच्छ ताटलीत काढा आणि उन्हात धरा. बारीक राखाडी गाळ असला तर हरकत नाही. पितळी चमक दिसली तर बुशिंगचा धातू सुटतो आहे. अशा वेळी गाडी चेन्नईतच मिस्त्रीकडे ठेवा आणि क्रँकचं काम तिथेच करून घ्या.